नाताळची टर्की : अखंड भाजावी, उलगडून भाजावी की तंगड्या रश्श्यात शिजवाव्यात?

डिसेंबर उजाडला की ब्रिटनमधील अनेक मराठी घरांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मुले इथल्या शाळांत शिकतात, शेजारी इथलेच असतात, २५ तारखेला सारी दुकाने बंद आणि गाड्याही बंद. म्हणजे त्या दिवशी घरीच जमायचे आणि घरीच जेवायचे. मग मुलांच्या आग्रहाखातर टर्की आणायचे ठरते. दिवाळीचा फराळ ज्यांच्या हातून कधी बिघडत नाही, कोंबडीचा रस्सा जे डोळे मिटून करतात, त्यांचीही पाच किलोचा तो पक्षी समोर आला की थोडी धांदल उडते. ही भीती अनाठायी नाही. पक्षी महाग असतो, पाहुणे दहा-बारा असतात, आणि बिघडला तर त्या दिवशी बाहेरून काही मागवण्याची सोय जवळपास नसते. टर्की शिजवण्याच्या निरनिराळ्या पद्धती, त्यांमागील कारणे आणि मराठी स्वयंपाकघराला त्यांतील कोणती मानवते, याची ही मांडणी.

पक्ष्याची थोडी कुळकथा

टर्की मूळची मेक्सिकोची. स्पॅनिश लोकांनी ती सोळाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपात आणली. इंग्लंडमध्ये तिचे आगमन यॉर्कशरच्या विल्यम स्ट्रिकलंड या दर्यावर्दीमुळे झाले असे परंपरेने मानले जाते. त्याला १५५० मध्ये मिळालेल्या कुलचिन्हावर टर्कीचा नर आहे, आणि पूर्व यॉर्कशरमधील बॉयंटनच्या चर्चमध्ये धर्मग्रंथ ठेवण्याची घडवंची चक्क टर्कीच्या आकाराची आहे. अठराव्या शतकात नॉरफक आणि सफकमधून तीनशे ते हजार टर्कींचे कळप पायी चालवत लंडनला आणले जात, असे डॅनियल डिफोने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे.

या पक्ष्याशी आपला संबंध वाटतो तितका नवा नाही. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून, म्हणजे पोर्तुगिजांच्या बाजारातून, बादशहा जहांगीरासाठी काही अपूर्व प्राणी-पक्षी नेले. त्यांत टर्की होती. तिच्या मानेचे आणि डोक्याचे क्षणोक्षणी पालटणारे रंग पाहून बादशहा इतका चकित झाला, की त्याने आत्मचरित्रात तिचे वर्णन लिहिले आणि उस्ताद मन्सूरकडून तिचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. नावाचा घोळ तर विलक्षण आहे. इंग्रजांना हा पक्षी तुर्कस्तानचा वाटला, फ्रेंचांना हिंदुस्थानचा, आणि खुद्द तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. आपण मात्र तो शब्द एका फळाला देऊन मोकळे झालो.

नाताळच्या ताटात टर्की पहिल्यापासून सर्वांच्या वाट्याला येत नसे. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये गरीब क्रॅचिट कुटुंब हंस खाते, आणि मनपालट झालेला स्क्रूज त्यांना मोठी टर्की धाडतो, यावरून तिचा मान कळतो. सामान्य घरांत ती रुजली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नॉरफकमधील मोठ्या कुक्कुटपालनामुळे आणि घरोघरी आलेल्या शीतपेट्यांमुळे.

मूळ अडचण : एक पक्षी, दोन प्रकारचे मांस

टर्की कोरडी होते ही सार्वत्रिक तक्रार आहे, आणि तिचे कारण पक्ष्याच्या शरीरातच आहे. छातीचे मांस पांढरे, चरबी अत्यल्प, स्नायूंना जोडणारी ऊती जवळजवळ नाहीच. ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास खाण्यायोग्य होते आणि त्यापुढे जसजसे तापते तसतसे पाणी सोडून सुतासारखे होते. तंगडीचे मांस गडद असते. त्यात जोडऊती भरपूर. ती विरघळून मऊ व्हायला ८० अंशांच्या जवळपासची उष्णता आणि बराच वेळ लागतो. अखंड पक्षी ओव्हनमध्ये ठेवला की उष्णता या दोघांना एकाच वेळी लागते. तंगडी शिजेपर्यंत छाती पुढे निघून गेलेली असते. कोंबडीतही हा फरक आहे, पण दीड किलोच्या कोंबडीत तो जाणवत नाही आणि आपण ती मुळात तुकडे करूनच शिजवतो. पुढील सगळ्या पद्धती म्हणजे या एकाच अडचणीवर शोधलेले निरनिराळे तोडगे आहेत.

पद्धती पाहण्याआधी सुरक्षिततेचा एक मुद्दा सांगणे भाग आहे, कारण तो आपल्या सवयीच्या थेट विरुद्ध जातो. मटण असो वा कोंबडी, तीन पाण्यांतून धुतल्याशिवाय पातेल्यात टाकायची नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवले जाते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ मध्ये मोहीम काढून नेमके उलटे सांगितले : कच्ची कोंबडी आणि टर्की धुऊ नका. पक्ष्यांच्या मांसावर कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जीवाणू असतात. नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे त्यांना ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर पोहोचवतात. या जीवाणूमुळे ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार लोक आजारी पडतात, असा त्या वेळचा अंदाज होता. धुऊन जीवाणू जात नाहीत, शिजवून जातात. मन मानत नसेल तर कागदी रुमालाने पक्षी टिपून घ्यावा, तो कागद लगेच टाकावा आणि हात साबणाने धुवावेत. हळद-मीठ चोळायला कोणाचीच हरकत नाही.

गोठवलेली टर्की पूर्ण वितळल्याखेरीज शिजवू नये. फ्रीजमध्ये ५ अंशांना दर किलोस १० ते १२ तास लागतात. म्हणजे सहा किलोचा पक्षी २५ तारखेला सकाळी दहा वाजता हवा असेल, तर तो २२ च्या सकाळी दहालाच गोठणपेटीतून फ्रीजमध्ये आणायला हवा. नाताळची सकाळ ज्या घरांत रडतखडत सुरू होते, तिथे बहुधा हा हिशेब चुकलेला असतो. पक्षी फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट थाळ्यात ठेवावा, म्हणजे त्याचे पाणी श्रीखंडाच्या पातेल्यात गळणार नाही.

अखंड भाजणे

ही इथली रूढ रीत. पक्ष्याला लोणी चोळायचे, वरून ॲल्युमिनियमची फॉइल सैल झाकायची, १८० अंशांच्या (पंख्याचा ओव्हन असल्यास १६०) तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचे आणि शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात फॉइल काढून कातडी तांबूस करायची. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने दिलेले कोष्टक सोपे आहे : साडेचार किलोंपेक्षा लहान पक्ष्यास दर किलोला ४५ मिनिटे आणि वर २० मिनिटे, साडेचार ते साडेसहा किलोंपर्यंत दर किलोला ४० मिनिटे, त्याहून मोठ्यास दर किलोला ३५ मिनिटे. गंमत अशी की या हिशेबाने चार किलोच्या आणि पाच किलोच्या पक्ष्याला सारखाच, म्हणजे ३ तास २० मिनिटे वेळ येतो. यावरूनच कळावे की कोष्टक हा केवळ अंदाज आहे. खरा निर्णय मांसात खुपसायच्या थर्मामीटरने करावा. छातीच्या आणि मांडीच्या सर्वांत जाड भागी, हाडाला न टेकवता, ७० अंश दोन मिनिटे टिकले की पक्षी सुरक्षित शिजला. दहा-पंधरा पौंडांत मिळणारे हे साधन मी इतर सर्व उपकरणांच्या आधी घ्यायला सांगेन. थर्मामीटर नसेल तर मांडीच्या जाड भागात सुरी खुपसून निघणारा रस गुलाबी नाही, मांस कुठेही गुलाबी नाही आणि आतून वाफ येते आहे, एवढे तरी पाहावे.

पोटात सारण भरण्याची रीत जुनी आहे, पण ती टाळावी. सारणामुळे उष्णता आतपर्यंत पोहोचायला उशीर होतो, आणि सारण सुरक्षित होईपर्यंत छातीचा भुगा होतो. ब्रेड, कांदा आणि सेज यांचे सारण वेगळ्या थाळीत भाजले तर त्याला कुरकुरीत पापुद्राही येतो. पोटात अर्धा लिंबू, कांदा, लसणाचा गड्डा ठेवणे पुरेसे.

ओव्हनमधून काढल्यावर पक्षी निदान अर्धा तास, मोठा असल्यास तासभर, तसाच ठेवायचा. या वेळात आतील उष्णता सर्वत्र सारखी पसरते, तापमान आणखी काही अंशांनी चढते आणि कापताना रस कमी वाहतो. शिवाय ओव्हन मोकळा होतो, हा लाभ गृहिणीच्या दृष्टीने अधिक मोलाचा. बटाटे त्याच वेळी भाजून होतात.

मिठात मुरवणे

अखंड भाजायचेच असेल तर त्याला मिठाची जोड द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मीठ स्नायूंतील प्रथिनांची घडण सैल करते, त्यामुळे तापताना ती कमी आवळतात आणि पाणी धरून ठेवतात. याचे दोन प्रकार. पक्षी मसाल्याच्या खारट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवण्याची रीत इथे नायजेला लॉसन यांच्यामुळे घरोघरी माहीत झाली. तिच्यात दालचिनी, संत्रे, मोहरी असे पदार्थ असल्याने आपल्याला ती परकी वाटत नाही. अडचण एवढीच, की पक्षी बुडेल एवढे पातेले आणि ते मावेल एवढी थंड जागा लागते. गणपतीच्या महाप्रसादाचे पातेले ज्यांच्याकडे आहे त्यांचा अर्धा प्रश्न सुटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी फ्रीज रिकामा करावा लागतो.

कोरडे मीठ चोळण्याची रीत सोपी आणि मला अधिक पसंत. दर किलोमागे सुमारे १० ग्रॅम मीठ पक्ष्याला, शक्य तिथे कातडीच्या आतूनही चोळायचे आणि एक-दोन दिवस न झाकता फ्रीजमध्ये ठेवायचे. मीठ आधी पाणी ओढून बाहेर काढते, मग ते खारट पाणी मांसातच परत मुरते. कातडी कोरडी पडते, म्हणून भाजल्यावर कुरकुरीत होते. मात्र वेष्टण वाचून घ्यावे. काही टर्कींना कारखान्यातच खारट पाणी टोचलेले असते. त्यांना पुन्हा मीठ चोळले तर खाताना घोटाघोटाला पाणी लागेल.

इथे एक मराठी मोह टाळण्याजोगा आहे. आले-लसूण, हळद, तिखट, दही असे मुरवण अख्ख्या टर्कीला फासावे असे साहजिकच मनात येते. पण मीठ सोडले तर मसाल्याचा अंश मांसात काही मिलिमीटरपलीकडे जात नाही. जाड छातीच्या पोटात चव आळणीच राहते, आणि वरचा मसाला तीन तासांच्या उष्णतेत करपून कडू होतो. मसाल्याचा वास हवाच असेल, तर लोण्यात वाटलेला लसूण, कोथिंबीर, मिरे आणि थोडा गरम मसाला कालवून ते लोणी छातीच्या कातडीखाली सारावे. कातडी आडोसा धरते, म्हणून तो करपत नाही.

उलगडून भाजणे

कात्रीने पाठीचा कणा कापून काढायचा, पक्षी पालथा करून छातीच्या हाडावर तळहाताने जोर द्यायचा. हाड कडकन मोडते आणि पक्षी पुस्तकासारखा उघडा पडतो. आता तंगड्या बाजूला आणि छाती मध्ये, सारे एका पातळीवर येते. तंगड्यांना जास्त धग लागते, त्यामुळे दोन्ही मांसे जवळजवळ एकदम होतात. पाच किलोचा पक्षी २०० अंशांना सुमारे दीड तासात होतो. वेळ निम्म्याहून कमी आणि कातडी सर्वत्र कुरकुरीत. तोटे दोन : मेजावर मिरवायला अखंड पक्षी उरत नाही, आणि पसरलेला पक्षी थाळीत मावेल का, हे आदल्या दिवशीच मोजून पाहावे लागते. कणा कापायला जड जात असेल तर खाटकाला सांगावे. इथले खाटीक ते आनंदाने करून देतात. काढलेला कणा फेकू नये, त्याच्यावर रस्सा उभा राहतो.

छाती वेगळी, तंगड्या वेगळ्या

मराठी घरांसाठी मला हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते. इथल्या दुकानांत ‘क्राउन’ या नावाने तंगड्या काढलेली, हाडासकट छाती मिळते. टर्कीच्या मांड्या आणि तंगड्या स्वतंत्रपणे, तुलनेने स्वस्त मिळतात. अडीच किलोची छाती मीठ आणि लोणी लावून इथल्या रीतीने भाजावी. वरच्या कोष्टकाने तिला साधारण सव्वादोन तास येतात, पण थर्मामीटर पाऊण वाटेपासूनच लावून पाहावा. मुलांना हवा तो ‘नाताळचा रोस्ट’ मेजावर येतो. तंगड्या मात्र आपल्या मार्गाने जाऊ द्याव्यात.

टर्कीच्या तंगडीचे मांस चवीला कोंबडीपेक्षा मटणाच्या जवळचे असते. सुके खोबरे, कांदा, तीळ, खसखस यांचे भाजून केलेले वाटण तिला शोभते. ब्रॉयलर कोंबडी जिथे मसाल्याखाली दबून जाते तिथे ही टिकते. कुकरमध्ये तिला कोंबडीच्या दोन-तीन शिट्ट्या पुरत नाहीत. मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास धरावा. पातेल्यात झाकून दीड ते दोन तास. तंगडीच्या खालच्या भागात ताठ काड्यांसारख्या शिरा असतात, त्या शिजूनही मऊ होत नाहीत. मांस हाडावरून सुटले की वाढण्यापूर्वी वेचून काढाव्यात, विशेषतः लहान मुले जेवणार असतील तर. हा रस्सा आदल्या दिवशी करून ठेवता येतो, आणि मुरल्यावर अधिक चांगला लागतो. सणाच्या सकाळी ओव्हनचा आणि चुलीचा भार असा वाटला गेला की घरची बाई, किंवा बाप्या, पाहुण्यांत बसू तरी शकतो.

काही टाळण्याजोगे मार्ग

अमेरिकेत अख्खी टर्की उकळत्या तेलात तळण्याची हौस आहे. मांस रसाळ होते हे खरे, पण पक्षी थोडाही ओला वा गोठलेला असेल तर तेल उसळते आणि भडका उडतो. तिकडच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचाही याला विरोध आहे. इथल्या एकमेकींना चिकटलेल्या घरांत हा प्रयोग करूच नये. एअरफ्रायरमध्ये लहान छाती चांगली भाजली जाते. अख्खा पक्षी मावत नाही. स्लो कुकर तंगड्यांना उत्तम, मात्र त्यात गोठलेले मांस कधीही टाकू नये, कारण ते धोक्याच्या तापमानात फार वेळ राहते.

शाकाहारी पाहुण्यांविषयी

आपल्या पंक्तीत निम्मे शाकाहारी असणे नवे नाही. काही वर्षी तर पंचांगच आडवे येते : २०२३ मध्ये २६ डिसेंबरला दत्तजयंती होती, म्हणजे नाताळ मार्गशीर्षात आला होता. अशा घरांनी इथल्या ताटातील छुपे मांस ओळखून ठेवावे. भाजलेल्या बटाट्यांना अनेकदा हंसाची चरबी लावतात. घरी तेल वापरावे. ग्रेव्ही म्हणजे पक्ष्याच्या रसाची पिठाने दाट केलेली पातळ आमटी. शाकाहाऱ्यांसाठी ती कांदा आणि अळंब्यांची वेगळी करावी. पारंपरिक ख्रिसमस पुडिंगमध्ये सूएट असते आणि ते बहुधा गाईची चरबी असते, हे अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते. वनस्पतिजन्य सूएटचे पुडिंग सर्रास मिळते. वेष्टणावर ‘व्हेजिटेरियन’ लिहिले आहे ना, पाहून घ्यावे. शाकाहारी थाळ्या ओव्हनमध्ये आधी भाजून काढाव्यात, म्हणजे वरच्या कप्प्यातून काही ठिबकण्याची शंका राहत नाही.

उरलेल्या मांसाचे काय

पाच किलोची टर्की आठ-दहा माणसांना पुरून उरते, आणि ते उरणे हाही इथल्या परंपरेचाच भाग. इंग्रजांनी उरलेल्या टर्कीची करी करण्याची रीत इतकी अंगवळणी पाडली आहे, की हेलन फील्डिंग यांच्या १९९६ च्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’त नववर्षाच्या दिवशी टर्की करीचीच मेजवानी आहे. त्या करीत बेदाणे असतात की सफरचंद, याची चौकशी मराठी माणसाने न केलेली बरी.

आपल्याकडे याहून सरस उपयोग आहेत. हाडे, कणा आणि पंख पाण्यात दोन-तीन तास मंद उकळावेत. गाळलेल्या त्या पाण्यात नारळाचे दूध, तीळ-खसखशीचे वाटण आणि खडा मसाला घातला की कोल्हापुरी धाटणीचा पांढरा रस्सा होतो. छातीचे कोरडे तुकडे त्यात शेवटी टाकून फक्त गरम करावेत, पुन्हा शिजवू नयेत. तंगडीचे मांस पुलावात किंवा खिम्यासारखे परतून पावाबरोबर चालते. जेवण झाल्यापासून दोन तासांच्या आत मांस हाडावरून सोडवून, उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. अधिक ठेवायचे तर त्याच रात्री गोठवावे. गरम करायचे ते एकदाच, वाफा निघेपर्यंत. टर्कीचा पुलाव केला असेल तर त्याची मुदत आणखी कमी, शिजवल्यापासून एकच दिवस, कारण भाताचे जीवाणू वेगळे आणि ते गरम करूनही हटत नाहीत.